साथीचा रोग आणि मालकाचे कर्तव्य

२०२० सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या इचलकरंजीत कोरोनाची साथ जोरात होती. रात्रीचा साक्षरता वर्ग बंद होता. एके दिवशी सकाळी आमच्या वर्गातले एक मागवाले मामा अंगणात येऊन उभे राहिले. वय पन्नाशीच्या पुढचे. तोंडाला टॉवेल बांधलेला. या म्हटले तरी ते पायरी चढेनात. अंगणातूनच म्हणाले,

"मास्तर, कारखान्याच्या फाटकावर कागद लावलाय. सगळ्यांनी वाचा आणि खाली अंगठा द्या म्हणतात. मी दिवाणजींना म्हटलं, मी अंगठा देत नाही, मला आता सही येते. पण वाचल्याबिगर सही करू नये, असं तुम्हीच शिकवलंय. आणि त्यात जोडाक्षरं लई आहेत हो."

मामांनी तो सगळा कागद आपल्या वहीत उतरवून आणला होता. अक्षर वाकडे होते. पण एकही ओळ सुटलेली नव्हती. आम्ही अंगणात लांब लांब बसून तो वाचला. एकंदर अकरा ओळी होत्या. कामगाराने मास्क लावावा. न लावल्यास शंभर रुपये दंड. हात धुवावेत. घोळका करू नये. थुंकू नये. ताप असल्यास कामावर येऊ नये. अशा एकामागून एक सूचना होत्या. शेवटची ओळ अशी होती, की कोणास आजार झाल्यास त्याची जबाबदारी त्याच्यावर राहील.

वाचून झाल्यावर मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मास्तर, यात मालकानं काय करायचं ते कुठं लिहिलंय?"

आम्ही तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. अकरा ओळींत ते कुठेच नव्हते.

वाचकहो, मामांच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा धडा लिहिला आहे.

साथ पसरते कशी?

एखादा रोग एकाच वेळी पुष्कळांना होऊ लागला म्हणजे आपण म्हणतो, साथ आली. तीच साथ देशोदेशी पसरली की तिला महासाथ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या रोगाला महासाथ म्हटले. ५ मे २०२३ रोजी त्याच संघटनेने जगावरची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु रोग मुळातून गेला असा त्याचा अर्थ नाही. शिवाय पुढे दुसरी एखादी साथ येणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून हा विषय शिळा झाला असे समजू नये. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

हा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो. आजारी माणूस बोलतो, खोकतो, शिंकतो, तेव्हा त्याच्या तोंडातून आणि नाकातून थेंब उडतात. मोठे थेंब जवळच खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत उदबत्ती लावून पाहा. ती देवाच्या कोनाड्यात असते, पण वास साऱ्या खोलीत भरतो. खिडक्या उघडा, वास पातळ होतो. हे कणही तसेच समजावेत. पहिल्या काही महिन्यांत सगळा भर हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता. हात धुणे चांगलेच आहे. पण मोकळ्या हवेचे महत्त्व पुढे पुढे अधिक कळले. बंद जागेत सहा फूट लांब बसले म्हणजे झाले, असे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोग झालेल्या माणसाला ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. काहींना तर ताप येतच नाही. म्हणून फाटकावर कपाळापाशी यंत्र धरून ताप पाहिला, की काम झाले असे होत नाही. ते यंत्र म्हणजे मोठ्या भोकांची चाळणी. काही खडे त्यात सापडतात, बाकीचे खाली पडतात.

खिडकी कोणाच्या हातात?

आता मामांच्या कारखान्याचा विचार करू. इचलकरंजीत यंत्रमाग नवे नाहीत. पहिला यंत्रमाग येथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. आज गावात गल्लोगल्ली माग खडखडतात. शेडमध्ये आवाज एवढा असतो, की शेजारच्याला काही सांगायचे तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावे लागते. हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून खिडक्या बंद ठेवण्याची रीत. पिण्याच्या पाण्याचा एक पिंप आणि त्यावर साखळीने बांधलेला एक पेला. दिवसपाळी सुटते आणि रातपाळी भरते, तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसे एकाच अरुंद दारात एकमेकांना घासून जातात. कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या बाया मांडीला मांडी लावून बसलेल्या.

यातली कोणती गोष्ट कामगार स्वतः बदलू शकतो? मास्क लावणे त्याच्या हातात आहे. हात धुणे त्याच्या हातात आहे, पण साबण आणि नळ असेल तरच. खिडकी उघडणे त्याच्या हातात नाही. पाळीची वेळ त्याच्या हातात नाही. दुसरा दरवाजा पाडणे, कांडीची यंत्रे लांब लांब मांडणे, आजारी माणसाला पगारी रजा देणे, यांपैकी काहीच त्याच्या हातात नाही.

म्हणून पहिला नियम असा, की जी गोष्ट ज्याच्या हातात, तिची जबाबदारी त्याच्यावर. कारखान्याची जागा, हवा, वेळ, माणसांची संख्या आणि पैसा हे सारे मालकाच्या हातात असते. तेव्हा जबाबदारीचा मोठा वाटा मालकाचा, हे सांगायला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. तरी ते आपण उघडून पाहणारच आहोत.

सव्वाशे वर्षांपूर्वी

साथ आणि कारखाना यांची गाठ महाराष्ट्रात नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गावाकडे पळाली. गिरण्यांना कामगार मिळेनात. भोंगा वाजे, पण मागावर माणूस नसे. कामगारांच्या दाटीच्या चाळी, अंधाऱ्या खोल्या आणि घाण यांचे परिणाम गिरणीच्या हिशेबाच्या वहीतही दिसले.

त्याच काळात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोगांचा कायदा झाला. २०२० साली टाळेबंदीच्या वेळी आपण ज्याचे नाव वारंवार ऐकले तो हाच कायदा. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने वारले. गिरणी कामगारांचे ते पहिले मोठे पुढारी. १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या खटपटीमुळे. पुण्याकडे सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ज्यांनी दुसऱ्यांसाठी अंग झिजवले त्यांनाही साथीने सोडले नाही. साथ पुढारी पाहत नाही, कामगार पाहत नाही आणि मालकही पाहत नाही.

कायद्याचे पुस्तक काय सांगते?

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. तो सत्तर वर्षांहून अधिक काळ देशात चालला. त्यात हवा, उजेड, पाणी, संडास, गर्दी यांवर वेगवेगळी कलमे होती. त्यांतली दोन कलमे आपण उदाहरणादाखल पाहू.

पहिले गर्दीचे. हा कायदा आल्यानंतर बांधलेल्या कारखान्यात दर कामगारामागे १४.२ घनमीटर, म्हणजे सुमारे ५०० घनफूट जागा हवी, असे त्यात होते. जागा मोजताना जमिनीपासून १४ फुटांच्या वरची उंची धरायची नाही. हिशेब करून पाहू. खोली १० फूट लांब, १० फूट रुंद, १४ फूट उंच. गुणाकार केला म्हणजे १,४०० घनफूट होतात. एकाला ५००, दोघांना १,०००. तिसऱ्याला ४०० च उरतात. म्हणजे त्या खोलीत नियमाने दोनच माणसे बसू शकतात. गुणाकार-भागाकार शिकण्याचा हा एक उपयोग.

दुसरे कलम थुंकण्याचे. त्यात आधी मालकाने सोयीच्या जागी थुंकदाण्या ठेवाव्यात आणि त्या स्वच्छ राखाव्यात, असे सांगितले होते. मग कामगाराने इतरत्र थुंकू नये. थुंकल्यास पाच रुपयांपर्यंत दंड. हा क्रम पाहा. आधी मालकाची सोय, मग कामगाराची शिस्त. सोय न करता नुसता दंड लावणे ही शिस्त नव्हे.

२०२० साली टाळेबंदीत काही कारखाने सुरू करण्यास परवानगी मिळाली. तेव्हा १५ एप्रिलला केंद्र सरकारने कामाच्या जागांसाठी नियम काढले. दोन पाळ्यांच्या मध्ये एक तासाचे अंतर ठेवा. जेवणाच्या सुट्या वेगवेगळ्या वेळी द्या. बसण्याच्या जागा सहा फुटांवर ठेवा. आत येताना ताप पाहा. हात धुण्याची सोय करा. बाहेरून येणाऱ्या कामगारांसाठी गाडीची व्यवस्था करा आणि गाडीत नेहमीच्या ३० ते ४० टक्केच माणसे बसवा. कामगारांचा आजारपणाचा विमा उतरवा. हे सर्व मालकासाठी लिहिलेले होते. मामांच्या फाटकावरच्या कागदात नेमक्या याच ओळी गळल्या होत्या.

कामाच्या तासांचीही एक गोष्ट आहे. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने कारखान्यांना सूट दिली, की रोज बारा तास काम घ्यावे आणि जादा तासांची मजुरी दुपटीने न देता साध्या दराने द्यावी. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती सूट रद्द केली आणि जादा तासांची मजुरी दुपटीनेच द्या असे सांगितले. साथ आली म्हणून कामगाराचा हक्क गुंडाळून ठेवता येत नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. संहिता म्हणजे अनेक जुने कायदे एकत्र करून केलेला एक कायदा. १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा सुरक्षितता व आरोग्याच्या संहितेने घेतली. ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या जागेला लागू होते. तिच्यात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. कामाची जागा शक्य तितकी निर्धोक आणि आरोग्याला अपाय न करणारी ठेवावी. ठरवून दिलेल्या वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा फुकट तपासणी करावी. कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे. सुरक्षिततेसाठी आणि आरोग्यासाठी जे काही करावे लागेल, त्याचा पैसा कामगाराकडून घेऊ नये.

कामगाराचा हक्कही तिच्यात आहे. जिवाला किंवा आरोग्याला मोठा धोका समोर दिसत असेल, तर कामगाराने तो मालकाला सांगावा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावा. मालकाने लगेच उपाय केला पाहिजे.

दहापेक्षा कमी माणसांच्या शेडला काही नियम लागत नाहीत, हे खरे. पण रोगाला हजेरीपट आठ जणांचा की ऐंशी जणांचा हे वाचता येत नाही.

मालकाने काय करावे?

आता आपण कागदाचा राहिलेला अर्धा भाग लिहू. सर्वांत आधी काय आणि सर्वांत शेवटी काय, याचा क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिले, हवा. समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. वरच्या बाजूला हवा बाहेर ओढणारे पंखे लावावेत. सूत तुटते ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी पाण्याचा फवारा, वरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, असे मार्ग निघतात. सूत तुटले तर गाठ मारता येते.

दुसरे, गर्दी. पाळ्यांमध्ये अंतर ठेवावे. आत जायचे दार आणि बाहेर यायचे दार वेगळे करावे. एकत्र बसून करायची कामे लांब लांब मांडावीत. जेवण उघड्यावर आणि थोड्या थोड्या माणसांनी करावे, कारण जेवताना मास्क काढावाच लागतो.

तिसरे, पाणी आणि साबण. नळ पुरेसे हवेत. साखळीचा पेला काढून टाकावा. बायांसाठी वेगळे आणि स्वच्छ संडास हवेत.

चौथे, मास्क. तो मालकाने द्यावा, फुकट द्यावा आणि घामाने भिजला तर बदलता येईल इतके द्यावेत. मास्क आम्ही मुद्दाम चौथा लिहिला. पुष्कळ ठिकाणी तो पहिला लिहितात, कारण तो स्वस्त पडतो. मास्कचा उपयोग आहेच. पण तो ढाल आहे, भिंत नव्हे. आधी धोका कमी करावा, मग ढाल हातात द्यावी.

पाचवे, खरी माहिती. कारखान्यात कोणी आजारी पडले तर ते सर्वांना सांगावे. नाव न घेता सांगता येते. लपवल्याने भीती वाढते आणि रोगही वाढतो. सूचना कामगाराला समजेल अशा भाषेत असावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी.

सहावे, लस. भारतात १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले. त्याच वर्षी ११ एप्रिलपासून मोठ्या कामाच्या जागांवरच लस देण्याची सोय झाली. जेथे अशी सोय नसेल तेथे मालकाने लसीसाठी वेळ द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखून माणूस घरी राहिला तर त्याचा खाडा धरू नये.

सातवे, बाहेरगावचा कामगार. तो मालकाच्या खोलीत राहत असेल, तर त्या खोलीची दाटी हीसुद्धा मालकाचीच चिंता. काम बंद झाले तर त्याने काय खावे, कोठे जावे, गाड्या केव्हा सुटतील, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. ते जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले कामगार होते. घरी जाण्यासाठी रुळांच्या कडेने चालत होते. चालून थकले आणि बसल्या जागी झोपले. टाळेबंदीत गाडी येणार नाही, असे वाटले असावे. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही.

ताप का लपतो?

आठवी गोष्ट आम्ही शेवटी ठेवली, कारण बाकीच्या साऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. ती म्हणजे आजारी माणसाची मजुरी.

मामांच्या शेडमध्ये मजुरी मीटरवर असे. जेवढे कापड निघेल तेवढा पैसा. आठवड्याचा पगार, त्यातून घरभाडे, दुकानाची उधारी आणि मालकाकडून घेतलेली उचल कापून जाई. फाटकावर लिहिले होते, ताप असल्यास कामावर येऊ नये. पण न आल्यास काय मिळेल, ते लिहिलेले नव्हते. उत्तर सर्वांना ठाऊक होते. काही नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या शेडमधल्या एका तरुण मागवाल्याला कणकण वाटू लागली. घरी बायको बाळंतीण. आधीच दोन महिने माग बंद राहिल्याने घरातले सगळे संपलेले. त्याने दुकानातून तापाची गोळी घेतली. गोळी घेतली की ताप दोन-चार तास उतरतो. फाटकावरच्या यंत्राने त्याला रोज पास केले. अशा त्याने तीन रात्री काढल्या. आवाजात बोलायचे म्हणून कानाशी तोंड नेऊनच बोलणे झाले. पुढच्या दहा-बारा दिवसांत त्या शेडमधले सात जण आजारी पडले. मामाही पडले. मामा उठले. पण एक वयस्कर जॉबर दवाखान्यातून परत आले नाहीत.

लोक त्या तरुणाला बोलू लागले. तो आमच्याकडे आला होता. अंगणात बसून रडला. म्हणाला, "मास्तर, मी मारलं त्यांना." आम्ही त्याला काय सांगणार? एवढेच म्हणालो, "बाबा, तू चूक केलीस. पण ती चूक करायला तुला एकट्यानं भाग पाडलेलं नाही." ज्या घरात आज चूल पेटवायची असते, तेथे उद्याच्या रोगाचा विचार मागे पडतो. आजारी माणसाला चौदा दिवस घरी बसवायचे, तर चौदा दिवस त्याच्या पोटाची सोय हवी. ती नसेल, तर फाटकावरचे यंत्र फक्त खोटे बोलायला शिकवते.

जॉबरच्या घरची गोष्ट आणखी वाईट. राज्य विमा योजनेत ज्यांची नावे असतात, त्यांच्यासाठी मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. त्यातून दवाखाना मिळतो आणि आजारपणात काही दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. शिवाय २०२१ साली या योजनेने ठरवले, की विमा असलेला कामगार कोरोनाने गेला आणि त्याची ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर त्याच्या घरच्यांना त्याच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम दरमहा द्यायची. जॉबरने त्या गावात तीस वर्षे माग दुरुस्त केले. पण त्यांचे नाव कोणत्याही रजिस्टरात नव्हते. नेमणुकीचे पत्र नव्हते. तीस वर्षांचा पुरावा म्हणून त्यांच्या बायकोजवळ फक्त एक पाना होता.

म्हणून सांगतो, रजिस्टरात नाव घालणे ही नुसती कागदपत्रांची बाब नाही. साथीच्या दिवसांत तोही औषधाइतकाच मोठा उपाय आहे.

मालकाची बाजू

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. इचलकरंजीतले कितीतरी मागधारक खर्चीवर माग चालवतात. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, यांना फक्त विणण्याची मजुरी. बँकेचा हप्ता, विजेचे बिल चालूच. २९ मार्च २०२० च्या सरकारी आदेशाने टाळेबंदीतही पूर्ण पगार द्यायला सांगितले होते; तो आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला. १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून तडजोड करावी, असे सांगितले. सगळेच ओझे लहान मालकाला पेलणार नाही, हे आम्हाला कळते. सरकारने आणि बड्या व्यापाऱ्यांनीही वाटा उचलायला हवा.

परंतु खिडकी उघडायला कर्ज काढावे लागत नाही. पाळीत अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर ठेवायला बँकेत जावे लागत नाही. आणि एका आजारी माणसाला आठ दिवसांची अर्धी मजुरी देणे, हे सात माणसे आजारी पडून निम्मे माग बंद राहण्यापेक्षा स्वस्त पडते. हा दयेचा प्रश्न तर आहेच, पण हिशेबाचाही आहे.

आमची चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपले सांगायचे राहून जाते. २००९ साली पुण्याकडे स्वाइन फ्लूची साथ आली. तेव्हा आम्ही एका शाळेचे मुख्याध्यापक होतो. आमचे शिपाईबाबा एक दिवस खोकत आले. म्हणाले, "सर, अंग मोडून आलंय." त्या दिवशी तपासणी होती. आम्ही म्हणालो, "आजचा दिवस काढा, उद्या रजा घ्या." त्यांनी दिवसभर घंटा दिली, मुलांना पाणी दिले. साधाच ताप निघाला, म्हणून आम्ही वाचलो. आम्ही कोणाला पगार देत नव्हतो. पण त्या दिवशी रजा देणे किंवा नाकारणे आमच्या हातात होते. म्हणजे त्या दिवसापुरते आम्हीच मालक होतो. आम्ही चुकलो. ज्याच्या हाताखाली एकही माणूस काम करतो, मग ती घरची भांडीवाली बाई का असेना, त्याने हे लक्षात ठेवावे.

राहिलेला अर्धा कागद

कामगाराचीही कर्तव्ये आहेत. मास्क हनुवटीला न लावता नाकावर लावावा. कोठेही थुंकू नये. ताप लपवू नये. सोयी केल्या तर त्या वापराव्यात, मोडू नयेत. पहिल्या कागदातल्या बऱ्याच ओळी योग्यच होत्या. त्या खोट्या नव्हत्या, फक्त अर्ध्या होत्या.

मामा बरे झाल्यावर आमच्याकडे आले. त्यांनी आणि त्यांच्या तिघा सोबत्यांनी मिळून मालकाला एक अर्ज लिहिला. आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले. त्यात पाच मागण्या होत्या. वरच्या खिडक्या उघडाव्यात. पाळ्यांत अंतर ठेवावे. साखळीचा पेला काढावा. आजारी माणसाला अर्धी मजुरी द्यावी. सर्वांची नावे रजिस्टरात घालावीत.

मालक तरुण होता. त्याचे वडीलही त्याच महिन्यात आजारी पडून उठले होते. त्याने अर्ज उभ्याउभ्याच वाचला. खिडक्या दुसऱ्याच दिवशी उघडल्या. पेला गेला. पाळीत अर्ध्या तासाचे अंतर आले. अर्ध्या मजुरीला त्याने आठ दिवसांपुरता होकार दिला. शंभर रुपयांच्या दंडाची ओळ कागदावरून खोडली गेली. रजिस्टराचे मात्र "बघू" म्हणाला. ते बघणे पुढे बरेच दिवस चालले. मामांनी त्या अर्जाची नक्कल जपून ठेवली आहे. दर दिवाळीला ते मालकाला आठवण करतात.

फाटकावरच्या पहिल्या कागदावर मामांनी सही केली काय, असे आपण विचाराल. केली. पण शेवटच्या ओळीवर रेघ मारून, आणि त्या रेघेपाशी आपले नाव घालून केली. अक्षर वाकडेच होते. पण पूर्ण नाव होते.

प्रश्न

१. आपल्या कामाच्या जागी खिडक्या किती आहेत? त्यांतल्या किती उघडतात?

२. खोली १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि १२ फूट उंच आहे. दर माणशी ५०० घनफूट धरल्यास त्यात किती माणसे बसावीत?

३. आपल्याजवळ नेमणुकीचे पत्र आहे काय? नसल्यास ते मागण्यासाठी मालकाला पाच ओळींचा अर्ज लिहा.

४. आपल्या हाताखाली कोणी काम करीत असल्यास, तो आजारी पडेल त्या दिवशी आपण काय कराल?